स्किनच्या डॉक्टरांची वेळ चार महिन्यांनी, पीएची मंगळवारी: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंच्या सासूबाईंच्या (वय ७१, आता कायमच्या इकडेच) डाव्या तळपायावर काळा डाग दिसलाय. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ चार महिन्यांनंतरची मिळतेय, आणि त्याच दवाखान्यातल्या फिजिशियन असिस्टंटची, म्हणजे पीएची, पुढच्या मंगळवारची. ताई विचारतात, "पीए म्हणजे आपल्याकडचा कंपाउंडरच ना? मग तपासणीचे पैसे डॉक्टरांइतके का? आणि त्यांना तो डाग कळेल का?" जाता जाता आणखी एक प्रश्न आहे. पुण्यात एमबीबीएस झालेली त्यांची मावसबहीण इकडे येऊन थेट पीए म्हणून काम करू शकेल का?

मंगळवारची वेळ घ्या. आधी फोन करून ती पक्की करा, मग पुढचं वाचा.

मी स्वतः पीए आहे. डोंबिवलीत वाढले, लग्नानंतर इकडे आले आणि गेली सतरा वर्षं त्वचारोगाच्याच दवाखान्यांत काम करतेय. त्यामुळे मी माझ्या पेशाची थोडी बाजू घेणार असं धरूनच वाचा. तरीही खाली काही गोष्टी अशा येतील ज्या आमच्या पेशातल्या सगळ्यांना आवडणार नाहीत.

कंपाउंडर हा शब्द ऐकून मला राग येत नाही. माझ्या स्वतःच्या आत्यानंही मला हेच विचारलं होतं. आपल्या लहानपणीचा कंपाउंडर पुड्या बांधायचा, बाटलीत लाल औषध भरून त्यावर डोसांची कागदी पट्टी चिकटवायचा आणि डॉक्टर नसले की "येतीलच एवढ्यात" म्हणायचा. पीए रुग्ण तपासते, निदान करते, स्वतःच्या नावानं औषध लिहून देते, बायोप्सी घेते (म्हणजे तपासायला कातडीचा तुकडा काढते), टाके घालते. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत पीएला औषध लिहून देता येतं. डॉक्टरांशी तिचं नातं कसं असावं, लेखी करार हवा की नको, हे मात्र राज्याराज्यांत वेगळं आहे.

पेशा सुरू झाला १९६५ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात. डॉक्टर कमी पडत होते, आणि नौदलात मलमपट्टीपासून छोट्या शस्त्रक्रियांपर्यंत सगळं केलेले कोअरमन, म्हणजे नौदलातले वैद्यकीय मदतनीस, घरी परतल्यावर त्यांच्या हाताला तोलामोलाचं काम मिळत नव्हतं. डॉ. युजीन स्टेड यांनी अशा चौघांना घेऊन वर्ग सुरू केला. १९६७ मध्ये त्यातले तिघे उत्तीर्ण झाले. आज अमेरिकेत दीड लाखांहून जास्त पीए आहेत आणि त्यातले साधारण चार टक्के त्वचारोगात काम करतात.

आता शिक्षण. पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यात दोन हजारांच्या आसपास तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत, मग राष्ट्रीय परीक्षा. त्यानंतर दर दोन वर्षांनी शंभर तासांचं पुढचं शिक्षण आणि दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा. त्वचारोगतज्ज्ञ पदवीनंतर चार वर्षं मेडिकल स्कूल, एक वर्ष इंटर्नशिप आणि तीन वर्षं फक्त त्वचा शिकतात. या दोन शिक्षणांत फरक आहे आणि तो मोठा आहे. "आम्हीपण तेच करतो" असं म्हणणाऱ्या पीएपासून मी चार हात लांब राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात नसते. पीएच्या शाळेत मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, इमर्जन्सी हे सगळं सक्तीचं असतं, पण त्वचारोगाची फेरी ऐच्छिक असते. म्हणजे कालच परवाना हातात आलेल्या पीएनं त्वचेचे रुग्ण किती पाहिलेत हे तिच्या पदवीवरून कळत नाही. आमची नजर तयार होते ती नोकरीत, कुणा एका डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून. मी पहिली दोन वर्षं एकही संशयास्पद तीळ डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी पाठवला नाही. त्यांनी कधी मला एकाच दिवसात चौदा वेळा उठून यायला लावलं म्हणून तोंड वाकडं केलं नाही, हे माझं नशीब. माझ्या मैत्रिणींपैकी काहींना हे नशीब मिळालं नाही. नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण रुग्णयादी हातात, आणि देखरेख करणारे डॉक्टर दुसऱ्या गावातल्या शाखेत, फोनवर. काही साखळी-दवाखान्यांत हे सर्रास चालतं. म्हणून "पीए की डॉक्टर" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ही पीए किती वर्षं त्वचारोगात आहे, आणि ती अडली तर डॉक्टर किती पावलांवर आहेत, हे विचारायला हवं.

आणि हे फोनवर विचारता येतं. रिसेप्शनवरच्या मुलीला वाईट वाटत नाही. "त्या इथे किती वर्षं आहेत? त्या दिवशी डॉक्टर इमारतीत असतात का? गरज पडली तर त्याच वेळी बघतील का?" या तीन प्रश्नांची उत्तरं धडपणे मिळाली नाहीत तर दुसरा दवाखाना शोधा.

माझी स्वतःची एक चूक सांगते. तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ आले. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर नखाच्या कडेला खरखरीत चामखीळ. मी लिक्विड नायट्रोजननं ती गोठवली. महिन्यानं पुन्हा आले, पुन्हा गोठवली. तिसऱ्यांदाही तेच. त्यांचं म्हणणं, "थोडी कमी वाटतेय." मलाही तसंच वाटायला हवं होतं म्हणून वाटलं. चौथ्या वेळी मी रजेवर होते. डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि गोठवायच्याऐवजी तुकडा काढून तपासायला पाठवला. ती चामखीळ नव्हती, बोवेन्स डिसीज होता, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातच असलेला स्क्वेमस सेल कॅन्सर. नखाच्या कडेला तो चामखिळीचं सोंग घेतो हे पुस्तकात मी वाचलं होतं. मोह्ज शस्त्रक्रियेनं (थराथरानं काढून प्रत्येक थर तिथेच तपासतात) तो पूर्ण निघाला, बोट वाचलं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "मोठ्या माणसाची एकच चामखीळ, तीही नखाला चिकटून, आणि दोनदा गोठवून जात नाही, तर तिसऱ्यांदा हातात ब्लेड घ्यायचं." तेव्हापासून मी कुणालाही तिसऱ्यांदा तोच उपचार देताना थांबते. तुमच्या घरात कुणावर तोच उपचार तिसऱ्यांदा होत असेल, करणारी व्यक्ती पीए असो की डॉक्टर, तुम्हीही थांबवून विचारा.

आमच्या नजरेचं मोजमाप झालंय. २०१८ साली 'जामा डर्मेटॉलॉजी' या नियतकालिकात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या तेहेतीस हजारांहून जास्त त्वचा-तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्वचेचा एक कॅन्सर सापडायला त्वचारोगतज्ज्ञांना सरासरी ३.३ बायोप्सी कराव्या लागल्या, पीएंना ३.९. मेलानोमाच्या, म्हणजे रंगपेशींपासून होणाऱ्या घातक कॅन्सरच्या, बाबतीत मात्र दरी रुंदावली: एका मेलानोमामागे डॉक्टरांच्या २५.४ बायोप्सी, पीएंच्या ३९.४. म्हणजे खात्री नसली की आम्ही जास्त तुकडे काढतो. त्यात एक आकडा जास्त बोचणारा आहे. अगदी वरच्या थरात असलेला, सुरुवातीचा मेलानोमा डॉक्टरांच्या १.८ टक्के तपासण्यांत सापडला, पीएंच्या १.१ टक्क्यांत. खोलवर गेलेला मेलानोमा आणि इतर कॅन्सर सापडण्यात मात्र लक्षणीय फरक नव्हता. हा एकाच संस्थेतला अभ्यास आहे, आणि कुणाकडे कुठले रुग्ण जातात यानंही आकडे हलतात. पण मी त्याच्याकडे डोळेझाक करत नाही. अंगभर तीळ आहेत, आधी मेलानोमा झालाय किंवा आई-वडील-भावंडांपैकी कुणाला झालाय, अशा माणसानं निदान पहिली पूर्ण तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी, असं मी माझ्या रुग्णांनाही सांगते. महिनोन्महिने निदानच न लागलेलं पुरळ असेल तरी तेच.

मग तुमच्या सासूबाईंना मी मंगळवारी का पाठवतेय? कारण तळपायावरच्या नव्या काळ्या डागाला चार महिने थांबवणं मला पटत नाही. सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलानोमा एकूणच दुर्मीळ. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तो ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ले १९८१ मध्ये गेले ते पायाच्या अंगठ्यापासून पसरलेल्या अशाच मेलानोमानं. घाबरवायला सांगत नाही. आपल्या तळव्यांवर निरुपद्रवी तपकिरी ठिपके भरपूर असतात, आणि बहुतेक वेळा उत्तर "काही नाही" असंच निघतं. पण ते कुणीतरी डर्मोस्कोप लावून म्हणायला हवं.

डर्मोस्कोप म्हणजे दिवा असलेलं भिंग. तळव्याच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा. रंग खाचांत बसला असेल तर तो बहुधा साधा तीळ. रंग उंचवट्यांवर पसरला असेल तर तुकडा काढलाच पाहिजे. हे शिकायला आठ वर्षांचं डॉक्टरी शिक्षण लागत नाही, पण शेकडो तळवे पाहावे लागतात. चालून किंवा घट्ट बुटानं टाचेत रक्त साकळलं तरी काळा डाग दिसतो. ब्लेडनं वरचा निबर थर हलक्या हातानं खरवडला की तो निघून जातो. जाणकार पीए हे पाच मिनिटांत करते. शंका आली तर त्याच वेळी डॉक्टरांना हाक मारते, आणि चार महिन्यांनंतरची वेळ आपोआप चार मिनिटांवर येते. आत शिरायला पीएची वेळ हा बऱ्याचदा सगळ्यात जवळचा दरवाजा असतो.

एक गोष्ट मात्र तिथली पीए विचारणार नाही, कारण तिला ती ठाऊकच नसणार. सासूबाईंनी तिथं बिब्बा लावला होता का? काटा मोडला, भेग पडली, टाच ठणकली की बिब्बा तापवून लावायची आपल्याकडे पद्धत आहे. बिब्ब्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, शिवाय त्यानं कातडी भाजते आणि उततेही. बिब्बा हा इकडच्या पॉयझन आयव्हीच्याच कुळातला. हे वाक्य इंग्रजीत लिहून सोबत न्या, त्यांना लगेच उमगेल. बिब्बा लावला असला तरी तपासणी टाळू नका, फक्त ती माहिती द्या.

डॉक्टर नसलेल्या माणसानं कातडी तपासणं आपल्याला नवीन नाही खरं तर. आपल्या खेड्यापाड्यांत कुष्ठरोगाच्या मोहिमेतले पॅरामेडिकल वर्कर घरोघर जाऊन पाठी-दंड उघडे करायला लावायचे, फिकट चट्ट्यावर कापूस टेकवून "कळतंय का?" विचारायचे. संशय आला की चिठ्ठी देऊन दवाखान्यात धाडायचे. माझ्या आजोळी, विदर्भात, असा एक कार्यकर्ता यायचा. त्याला सगळे डॉक्टरच म्हणत, आणि तो दर वेळी "मी डॉक्टर नाही" असं सांगायचा. ते वाक्य मी त्याच्याकडून उचललंय. माझ्या रुग्णांनी मला डॉक्टर म्हटलं की मीही दुरुस्त करते, कधी कधी एकाच भेटीत तीनदा.

काही कामांत पीए डॉक्टरांपेक्षा बरी पडते, हेही सांगायला हवं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन (गर्भाला घातक असलेलं औषध) सुरू केलेली अठरा वर्षांची मुलगी घ्या. आयप्लेज नावाच्या सरकारमान्य व्यवस्थेत नोंदणी, दर महिन्याला गरोदरपणाची तपासणी, एका वेळी तीस दिवसांच्याच गोळ्या, ओठ फुटले, रक्ततपासणी, परीक्षेचा ताण, आईची काळजी. हे सगळं महिन्याला वीस मिनिटं देऊन ऐकणारं माणूस लागतं, आणि ती वीस मिनिटं बहुधा माझ्याकडे असतात. सोरायसिसचं इंजेक्शन सुरू करायचं तर आधी टीबीची तपासणी करावी लागते. भारतातून आलेल्यांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मी सरळ रक्ताची तपासणी मागवते आणि रुग्णाचे दोन महिने वाचतात. मग विमा कंपनीशी मंजुरीवरून भांडण. त्यात मी कोकणातल्या बांधाच्या वादाइतकी चिवट आहे.

आणि नायटा. गेल्या काही वर्षांत मराठी-गुजराती घरांतून आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. सुट्टीत भारतात गेले, जांघेत किंवा कमरेला गजकर्ण घेऊन आले, सोबत मेडिकलवाल्यानं हातावर ठेवलेली ट्यूब, जिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरकस स्टेरॉइड अशी तिन्हीची भेळ. दोन दिवस खाज थांबते, मग कडा पुसट होऊन नायटा हातभर पसरतो आणि नुसत्या डोळ्यांना इसबासारखा दिसायला लागतो. त्यात ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही. अमेरिकेतले तिचे पहिले रुग्ण २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोंदले गेले. त्याच्या आधी भल्या भल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना इसब समजून आणखी स्टेरॉइड दिलेलं मी पाहिलंय. मी मात्र मराठीत "ट्यूब कुठली लावली? पिशवीतून काढा बघू" म्हणते आणि अर्धं निदान तिथेच होतं. हा पदवीचा प्रताप नव्हे, डोंबिवलीचा. वांगावर गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं स्टेरॉइड लावणाऱ्या बायकांचंही असंच. "क्रीम लावता का?" असं विचारलं तर "नाही" म्हणतात, "पावडरच्या आधी काय लावता?" असं विचारलं की सांगतात.

पैशांचं थोडक्यात. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, पीएच्या नावानं केलेल्या बिलाला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं. डॉक्टरांनी आधी ठरवलेल्या उपचाराचा पाठपुरावा त्यांच्या देखरेखीखाली पीएनं केला, तर काही अटींवर ते बिल डॉक्टरांच्या नावानं पूर्ण दरानं जाऊ शकतं. नव्या रुग्णाला किंवा नव्या तक्रारीला हे चालत नाही. खासगी विम्यात तुमचा को-पे, म्हणजे दर भेटीला खिशातून द्यायचा वाटा, बहुधा स्पेशालिस्टचाच लागतो, मग आत कुणीही बघो. हे खटकत असेल तर तुमचं चुकत नाही. बिलावर कुणाचं नाव आहे हे पाहायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि ज्यांना तुम्ही भेटलाच नाहीत त्यांचं नाव दिसलं तर विचारा.

नावाचा घोळ वेगळाच. अमेरिकेतल्या आमच्या संघटनेनं २०२१ मध्ये "असिस्टंट" काढून "असोसिएट" म्हणायचं ठरवलं. ब्रिटनमध्ये आधीपासून असोसिएट म्हणत, तर तिथल्या सरकारसाठी झालेल्या २०२५ च्या लेंग अहवालानं रुग्णांचा गोंधळ होतो म्हणून पुन्हा "असिस्टंट" करा असं सुचवलं. म्हणजे समुद्राच्या दोन काठांवर पाट्या अदलाबदल. मला स्वतःला असिस्टंटच बरं वाटतं, पण हे मी आमच्या संमेलनात मोठ्यानं बोलत नाही.

मावसबहिणीबद्दल: नाही, थेट नाही. इथली पीएची परीक्षा द्यायला इथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच उत्तीर्ण व्हावं लागतं. भारतातल्या एमबीबीएसला त्यातून सूट नाही, तिकडच्या फिजिशियन असिस्टंटच्या पदवीलाही नाही. एमबीबीएस असेल तर तिनं आधी रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांच्या इथल्या प्रशिक्षणाच्या) वाटेचा आणि त्यासाठीच्या यूएसएमएलई परीक्षेचा नीट विचार करावा. पीए हा डॉक्टर होण्याचा जवळचा रस्ता नाही. तो वेगळ्याच गावाला जातो.

आता मंगळवार. सासूबाईंची जोडवी घरीच काढा, बोटांच्या बेचक्यांतही बघावं लागतं. नखांना रंग किंवा तळव्यांना मेंदी असेल तर वेळ बदलू नका, पण रंग पुसून न्या आणि मेंदी आहे हे आधीच सांगा. डाग पहिल्यांदा कधी दिसला, कुणाच्या जुन्या फोटोत पाय आलेत का, शोधा. घरातल्या सगळ्या ट्यूब, तेलं, चूर्णं एका पिशवीत भरून न्या. भाषेसाठी दुभाषा मागा, बहुतेक दवाखान्यांत फोनवर मिळतो. मुलगा किंवा सून मधे असली की आजीबाई निम्मं गिळतात.

आत गेल्यावर पीएनं मोजे काढायला सांगितले नाहीत, किंवा डर्मोस्कोप न लावता लांबूनच "काही नाही" म्हटलं, तर शांतपणे म्हणा, "डॉक्टरांनी एकदा बघितलं तर बरं होईल." चांगली पीए यावर दुखावत नाही. बायोप्सी करायची ठरली तर अहवाल कुणी वाचणार, फोन कोण करणार आणि किती दिवसांत, हे तिथून निघायच्या आधी लिहून घ्या. दोन आठवड्यांत फोन आला नाही तर "सगळं ठीक असेल" असं समजू नका, तुम्हीच लावा. तळव्याचे टाके दोन-तीन आठवडे ठेवावे लागतात, तेव्हा त्या काळात भारतात जायचं तिकीट काढलेलं असेल तर तेही त्यांना आधीच सांगा.